पिणारे वेगळे, घेणारे वेगळे

माझा घोटा मोडला म्हणून मी वाचले, असं मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी फिरकी घेतेय. फिरकी मी घेतेच. ती सवय कुठल्याही डॉक्टरला सोडवता आलेली नाही. पण हे मात्र खरं आहे. सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या बाजारात मासळीच्या गाळ्यापाशी ओल्या फरशीवर मी घसरले, घोट्याचं हाड मोडलं आणि इस्पितळात दाखल झाले. घोट्याचं ऑपरेशन छान झालं. खरा आजार त्यानंतर सापडला.

आजाराचं नाव दारू.

एवढे तीन शब्द लिहायला मी दोनदा चहा करून आले. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातली एक तरुण मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही लिहाच. तुमचं वाचून कुणीतरी आपलं कपाट उघडून बघेल." कपाटाचं काय ते पुढे येईल. आधी शुक्रवारांबद्दल सांगते, कारण सगळी गंमत तिथे होती आणि मला अजून त्यांची फार आठवण येते.

शुक्रवार

आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा माझी मुलगी मृणाल तिसरीत होती. ह्यांची बँकेत नोकरी. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र दिसायचा आणि त्यात नांगर टाकून उभी असलेली जहाजं. संध्याकाळी त्यांच्यावर दिवे लागले की समुद्रात एखादं गाव वसल्यासारखं वाटे. तेव्हा इथे मराठी घरं मोजकी होती. दर शुक्रवारी सगळी आमच्याकडे जमायची. चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत जायचा. कुणी पेटी काढायचं, पोरं दिवाणावर उड्या मारायची, स्वयंपाकघरात आम्ही बायका साबुदाणे वडे तळत एकमेकींच्या सासवांचे आवाज काढायचो. मी नक्कल करायला बसले की तेलातले वडे करपायचे.

बाहेर हॉलमध्ये पुरुषांचे ग्लास.

आता आमच्या त्या काळच्या व्याकरणाबद्दल. रस्त्यात झोकांड्या खाणारा 'पितो'. सिनेमातला व्हिलन 'पितो'. आपली माणसं मात्र 'घेतात'. "भाऊजी, घेणार ना थोडी?" "आमचे हे फक्त शुक्रवारीच घेतात हं." औषध घेतात, तीर्थ घेतात, तशीच ही पण घेतात. पिणाऱ्याची बायको बिचारी असते. घेणाऱ्याची बायको शेंगदाण्यांत कांदा-कोथिंबीर घालून बशी बाहेर नेते आणि सगळे तिचं कौतुक करतात.

ती बशी नेणारी मी अजून डोळ्यांसमोर येते. कडक स्टार्चची साडी, केसात ऑर्किड, कारण इथे मोगरा मिळायचा नाही, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातली सगळी शिस्त हिच्याच घरून वाटली जाते. मला आज ती भेटली तर तिच्या हातातली बशी काढून घेऊन तिला कोपऱ्यात बसवीन.

एका शुक्रवारी माझ्या मैत्रिणीचा, सुधाचा नवरा चपलांच्या ढिगात अडखळून पडला आणि तिथेच झोपला. तो घेणाऱ्यांतून पिणाऱ्यांत गेल्याची कुजबुज आधीपासून होती. मी सुधाला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, "मी असते ना, सरळ माहेरी निघून गेले असते."

सुधाने वडा उलटला आणि विचारलं, "कितव्या नंबरच्या बसने?"

मला तेव्हा त्याचा राग आला. किती वर्षं ते वाक्य मी तिच्या उद्धटपणाचा नमुना म्हणून सांगत असे.

सर्दीचं औषध

मी स्वतः शुक्रवारी थेंबही घेत नसे. माझं औषधांच्या कपाटातलं होतं.

आमच्या आईकडे ब्रँडीची एक छोटी बाटली असायची. बाळंतिणीला, खोकल्याला, कुणी गारठून आलं तर, कोमट पाण्यात चमचाभर. बाटली देवघराशेजारच्या फडताळात, हिंगाष्टक आणि निलगिरीच्या तेलाच्या मधे. आमच्या घरात दारू नव्हतीच. ब्रँडी होती, आणि ती औषध होती. इथे आल्यावर मीही तीच मांडणी केली. बाहेर दमट उकाडा आणि आत हाडं गोठवणारा एसी, त्यामुळे पहिल्याच वर्षी नाक गळायला लागलं. मी ब्रँडी आणली, कोमट पाणी, मध, एक चमचा. गळ्यातून खाली जाताना आईच्या हाताची आठवण झाली. हे मी उगाच गोड करून लिहीत नाही. खरंच झाली. म्हणून तर ते फसवं.

भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगायचे, "चांगीला उतरलात की ड्यूटी-फ्रीमधून माझं सर्दीचं औषध तेवढं आणा." सगळे आणायचे. मृणालच्या सासूबाई, ज्या कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत, त्यांनी एकदा पिशवीतून आणून दोन्ही हातांनी दिलं.

मग हळूहळू शुक्रवार आटले. कुणी ऑस्ट्रेलियाला गेलं, कुणी पुण्याला परत. कुणी जुरोंग ईस्टला कॉन्डो घेतला आणि "एमआरटी ट्रेनने फार लांब पडतं गं" म्हणायला लागलं. मृणालचं लग्न झालं. हे रिटायर झाले आणि क्रिकेटच्या समोर बसले. संध्याकाळी जहाजांवर दिवे लागायचे आणि दाराबाहेर चपलांचे दोनच जोड. त्या वेळेला मला सर्दी व्हायची.

चमच्याचा डाव झाला, डावाचं फुलपात्र झालं. औषध कुणी फुलपात्राने घेतं का, हा प्रश्न मला पडला नाही. गुडघा दुखला, घेतलं. झोप येईना, घेतलं. सिंगापूरमध्ये हिवाळा नाही, माझी सर्दी मात्र बारमाही. ह्यांना मी पुढे एकदा विचारलं, "तुम्हाला कळलं नाही हो?"

हे म्हणाले, "मला वाटलं, जुनाट सर्दी आहे."

"इतकी वर्षं?"

"विचारलं असतं तर तू माझे शुक्रवार काढले असतेस."

आमच्या संसारातलं इतकं खरं वाक्य हे त्याआधी बोलले नव्हते.

बाजारात घसरले ती सकाळची वेळ होती. फरशी ओली होती असं मी सगळ्यांना सांगितलं. फरशी ओलीच होती. पण मीही कोरडी नव्हते. सकाळचंही सुरू झालं होतं.

पडद्यावरचे पाहुणे

ऑपरेशनच्या आधी नर्स प्रश्न विचारत होती. मृणाल शेजारी होती.

"स्मोक, आंटी?"

"नो."

"ड्रिंक?"

मृणाल हसली. "माय मदर? प्लीज लाह."

मी म्हटलं, "नो."

शपथेवर सांगते, मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. प्रश्नाचं मनात मराठी झालं, 'पिता का?' मी पीत नव्हते. मी घेत होते.

ऑपरेशननंतर बोटं थरथरायला लागली. मग घाम. मग आतून कुणीतरी सारखं हलवतंय असं. डॉक्टरांनी जंतुसंसर्ग तपासला, वेदनेच्या गोळ्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हाने लख्ख भरलेल्या वॉर्डात, माझ्या पलंगाभोवतीच्या पडद्याच्या दांडीवर शुक्रवारची सगळी मंडळी येऊन बसली. पाय खाली सोडून. पेटीसुद्धा आली. मला आनंद झाला, आणि लगेच घाम फुटला, कारण वडे तळलेले नव्हते. मी नर्सला मराठीत झापलं, "बघत काय उभी राहतेस, ताटल्या मांड." ती बिचारी म्हणाली, "ओके आंटी, लेटर आह."

मग ती मंडळी दांडीवरून उतरून माझ्या अंगावर चढायला लागली, आणि मी सलाईनची सुई उपटली.

पुढचं मला आठवत नाही, ह्यांनी सांगितलेलं आहे. मृणाल इराला शाळेतून घेऊन तिथेच आली होती. इरा माझी नात, दुसरीत आहे. तरुण चिनी डॉक्टरीण विचारत होती, घरी काही औषधं चालू आहेत का जी आम्हाला सांगितली नाहीत? मृणालने रक्तदाबाच्या गोळ्या सांगितल्या, कॅल्शियम सांगितलं.

इरा म्हणाली, "आणि आजीचं ब्राऊन औषध? ते कुणी दिलंच नाही तिला."

डॉक्टरीण खाली वाकली. "व्हॉट ब्राऊन मेडिसिन, गर्ल?"

"फॉर कोल्ड. इन द स्टील कप. एव्हरीडे शी टेक. देन आजी स्लीप, अँड आय वॉच टीव्ही माय ओन सेल्फ."

ह्यांनी मला हे सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. म्हणाले, "मृणाल खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर बसली."

निदान

डोकं ताळ्यावर आल्यावर डॉक्टरीण खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. उभी राहिली नाही, ही पहिली कृपा. तिने सांगितलं की शरीराला रोजच्या दारूची सवय लागते आणि ती एकदम थांबली की हे असं होतं. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून आता गोळ्या देऊन हळूहळू उतरवतोय.

मी म्हटलं, "डॉक्टर, इट इज ओन्ली ब्रँडी. फॉर कोल्ड."

तिने अजिबात न हसता विचारलं, "अँड हाऊ इज द कोल्ड?"

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत माझी फिरकी घेणारं कुणीतरी भेटलं होतं. मला हसू आलं आणि ते मधेच रडण्यात वळलं. तिने टिश्यूचा अख्खा डबा मांडीवर ठेवला आणि बसून राहिली.

ज्यांना माझं वाचून आपलं कपाट आठवतंय, त्यांना इथेच सांगते: आजच्या आज बाटली ओतून बहाद्दरी करू नका. डॉक्टरला खरं सांगा आणि ते सांगतील तसं सोडा. माझं नशीब की मी पलंगावर होते आणि एका सात वर्षांच्या मुलीला गुपित म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी मृणाल एकटी आली.

"आई, तू तिला शाळेतून आणायचीस. एवढा मोठा रस्ता ओलांडून."

"मी कधी तिचा हात सोडला नाही."

"मी ते विचारलंच नाही." तिने माझं पांघरूण सारखं केलं. तिला राग आला की ती घड्या घालते, लहानपणापासून. "बाबा दुपारी बाहेर असायचे. तू झोपायचीस तेव्हा ती एकटी असायची. गॅस, खिडक्या... आई, आपला मजला कितवा आहे?"

उत्तर तिलाही माहीत होतं, ती त्याच घरात वाढली.

"मी तिला स्टुडंट केअरमध्ये घालतेय. शाळा सुटल्यावर ती तिथेच थांबेल."

"मी बरी झाल्यावर?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही, आई."

इराला आणणं हे माझं एकमेव काम होतं. मृणाल समोरच्या ब्लॉकमध्ये राहते आणि नोकरीला पार बुओना व्हिस्टाला जाते, म्हणून ते मला मिळालं होतं. फाटकापाशी उभं राहायचं, दप्तर घ्यायचं, रस्ताभर तिचं मराठी-सिंग्लिश ऐकत यायचं. पाय बरा होणार होता, हे सगळेच सांगत होते. हे काम परत मिळणार का, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. मला दुसरं काही नको होतं.

कोरडे दिवस

घरी आले तर औषधांचं कपाट रिकामं. हिंगाष्टकसुद्धा गेलेलं. ह्यांनी घाबरून सरसकट साफ केलं होतं. आपल्या शुक्रवारच्या बाटल्याही त्यांनी काढल्या. पुढच्या शुक्रवारी त्यांच्या कापीव ग्लासात लिंबाचं सरबत ओतलं, बर्फ घातला, शेंगदाणे घेतले आणि टीव्हीसमोर बसून गंभीरपणे म्हणाले, "चिअर्स."

"चढेल हो," मी म्हटलं.

"चढू दे. साखर तूच घातलीयस."

सगळे दिवस असे गमतीचे नव्हते. जहाजांवर दिवे लागायची वेळ वाईट असायची. घसा कोरडा, जीभ जड, आणि डोक्यात एक गोड आवाज: एवढी सर्दी झालीय, चमचाभर घेतलीस तर काय होतंय. तो आवाज माझ्या आईचा होता, हे सगळ्यात वाईट. मी ह्यांच्यावर ओरडले. मृणालला फोनवर नको ते बोलले. एकदा व्हॅनिला इसेन्सच्या बाटलीचं झाकण उघडून, त्यातही अल्कोहोल असतं म्हणून, वास घेत उभी होते. मग ती मोरीत ओतली आणि डॉक्टरांना सांगितलं. तुम्हाला हसू आलं तर हसा, मलाही आता येतं.

दर आठवड्याला दवाखान्यात दारू सोडणाऱ्यांचा एक गट भरायचा. त्यात एक निवृत्त टॅक्सीचालक अंकल, एक शाळेतल्या बाई, पुण्याहून आलेला एक इंजिनियर पोरगा. पहिल्या दिवशी तो मला बघून चपापला. त्याला वाटलं, मी मंडळात सांगेन. मी म्हटलं, "बाळा, मी तुला इथे पाहिलं हे सांगायचं तर मी इथे काय करत होते तेही सांगावं लागेल." मग तो सैल झाला. गटात पहिल्यांदा बोलायची वेळ आली तेव्हा मी इंग्रजीत सुरुवात केली, "आय यूज्ड टू टेक." तो पोरगा हळूच म्हणाला, "काकू, 'ड्रिंक' म्हणा." ते एक क्रियापद बदलायला मला तीन आठवडे लागले. बदललं त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना मराठीत सांगितलं, "मी पीत होते." ह्यांनी टीव्ही बंद केला.

सुधा आली ती एका दुपारी, डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेऊन. तिचा नवरा आता नाही. जिन्याबिन्यावरून पडून नाही, यकृताने गेला. माझी बातमी तिला लागली होती. मी वाट बघत होते की आता ही जुना हिशोब काढणार.

तिने ताट वाढलं आणि विचारलं, "लपवायचीस कुठे?"

"लपवत नव्हते. औषधांच्या कपाटात."

"हुशार आहेस. आमच्याकडे तांदळाच्या डब्यात असायची. मी एकदा भात शिजवायला गेले तर हाताला बूच." ती हसली, मी हसले.

"सुधा, मी तुला माहेरी जायला सांगितलं होतं."

"हो. दुसऱ्या दिवशी मी आमच्या ह्यांना ते सांगितलं. फार हसलो आम्ही. त्यांना तू आवडायचीस." तिने माझ्या भातावर तूप सोडलं. "जेव. गार होतंय."

फाटक

घोटा बरा झाला, काठी सुटली. मृणाल रोज यायची, चहा घ्यायची, इराला शनिवारी घेऊन यायची आणि ती असेपर्यंत स्वतः थांबायची. मी काही मागितलं नाही. मागणं माझ्या तोंडापर्यंत दिवसातून दहादा यायचं. गटातल्या टॅक्सीवाल्या अंकलनी सांगितलं होतं, "डोन्ट आस्क. यू ओन्ली वेट." मला वाट बघता येत नाही, मी जन्मात पोळी पूर्ण फुगू दिलेली नाही. पण थांबले.

मग एका रविवारी निघताना, चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता मृणाल म्हणाली, "उद्या मला मीटिंग आहे. इराला तू आणशील?"

"आणीन."

"फक्त उद्या."

"बरं."

सोमवारी शाळा सुटायच्या खूप आधी मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. ओळखीच्या आज्या, घरकामाच्या मुली, सगळ्या होत्या. "आंटी, लाँग टाइम नेव्हर सी," एक चिनी आजी म्हणाली. "लेग ओके?" मी पाय दाखवला.

इरा बाहेर आली. मला बघून धावत आली नाही. चालत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, वाक."

मी वाकले.

"तोंड उघड."

त्या सगळ्या बायकांच्या देखत मी तोंड उघडलं. इराने नाक पुढे आणून जोरात श्वास घेतला, परत एकदा घेतला.

"आईने सांगितलं का गं असं करायला?" मी वाकलेलीच होते.

"नो. आई डोन्ट नो. आई विचारायला घाबरते, सो आय चेक." तिने थोडा विचार केला. "लसूण."

"चटणी खाल्ली दुपारी."

"ओके, कॅन. चालेल," ती म्हणाली, आणि खांद्यावरचं दप्तर उतरवून माझ्या हातात दिलं.